सगुणाबाईंची पंधरा मिनिटं

सगुणाबाईंबद्दल लिहावं इतकी माझी त्यांची ओळख नव्हती. नऊ वर्षं मी त्यांच्याकडून मासळी घेतली, वयाने मोठा असून त्यांना मावशी म्हणत राहिलो, आणि त्यांचं नाव कळलं ते अंधेरीच्या बाजाराबाहेर लागलेल्या श्रद्धांजलीच्या फलकावरून. रजेच्या अर्जाखेरीज मी फारसं काही लिहिलेलं नाही. पण हे कुणाला तोंडाने सांगवत नाही, म्हणून लिहितो.

त्या खारदांड्याच्या कोळीवाड्यातल्या. पहाटे तीनला उठून मासळी घ्यायला धक्क्यावर जायच्या, मग संध्याकाळपर्यंत बाजारात घासाघीस आणि आरडाओरडा. दोन वर्षांपूर्वी बाजारात, विक्रीच्या ओट्यावरच त्यांना चक्कर आली. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाची गोळी दिली आणि सांगितलं, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं डोळे मिटून नुसता श्वास बघत बसा. घरी टीव्ही आणि नातवंडं, म्हणून त्या बाजारातच बसायच्या. ओटा धुवायचा, कोयती पुसायची, मासळीची पाटी पालथी घालून तिच्यावर बसायचं आणि डोळे मिटायचे.

नेमका त्याच वेळी, सातच्या सुमाराला, मी जायचो. मला गर्दीत भाव करता येत नाही, बायकांच्या घोळक्यात पुढे होता येत नाही. हे ओळखून त्या माझ्यासारख्या एकट्या माणसापुरती मांदेली बर्फात बाजूला ठेवायच्या.

शेजारच्या ओट्यावरची रुक्मिणी मला बघून ओरडायची, "काका, ती हिमालयात गेली बघ! माझ्याकडून घे, नायतर कर तपश्चर्या!"

पण एकीचं कायमचं गिऱ्हाईक शेजारणीकडे गेलं, की दोघींत वर्षभराचं भांडण. म्हणून मी तिथेच उभा राहायचो. गप्प उभं राहिलं म्हणजे आपला त्रास नाही, असं मला वाटायचं.

एकदा त्या डोळे न उघडताच हसल्या. "काका, तू बोलत नाय, पण तुझी पिशवी लय बोलते."

पुढच्या खेपेपासून मी प्लास्टिकची सोडून कापडी पिशवी नेऊ लागलो. तासभर आधी मात्र गेलो नाही. तेवढंच तर करायचं होतं.

पिशवी वाजली नाही तरी मी आल्याचं त्यांना कळायचंच. त्या उठायच्या, धुतलेल्या ओट्यावर पुन्हा खवले आणि रक्त.

"राहू द्या मावशी," मी पुटपुटायचो.

"तुझं जेवण अडलंय. माझा श्वास कुठं पळतोय?"

या बसण्याने बरं वाटतं का, असं मी एकदा विचारलं होतं. "पयल्यांदा डोक्यात नुसते भाव ओरडायचे," त्या म्हणाल्या. "आता जरा बसलं की सगळं गप होतं. आणि मग..."

एवढं म्हणून त्यांनी कोयती उचलली. त्या 'मग'नंतर मी येतो, हे मला कळलं. कळूनही मी जात राहिलो.

परवाच्या रविवारी गेलो तर ओटा रिकामा. रुक्मिणीने सांगितलं, शनिवारी झोपेतच गेल्या. पंधरा मिनिटांवर कुणाचं जगणं-मरणं ठरतं असं मी मानत नाही. पण अख्ख्या दिवसात तेवढाच वेळ त्यांचा स्वतःचा होता, आणि मी तो मांदेलीपायी मोडत राहिलो.

शेवटचा गेलो तो शुक्रवारी. त्या दिवशी घरून निघताना वाक्य पाठ केलं होतं: 'मावशी, तुम्ही बसा निवांत, मी चहा पिऊन येतो. आणि पुढच्या वेळेपासून सहालाच येईन.' रिक्षात दोनदा म्हणून पाहिलं. ओट्यापाशी पोचलो तेव्हा त्या डोळे मिटून बसल्या होत्या, कपाळावर एकही आठी नव्हती. मी मागे फिरायच्या आत त्यांनी डोळे उघडले.

"आलास?"

"हो. मांदेली आहेत का?"

"हायत की. साफ करून देऊ?"

"द्या."