देठाची खात्री

आमची आत्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचेची भांडी धूत होती. धुता धुता अळंबी ओळखायला शिकली, आणि पुढे प्राध्यापकही तिच्यापुढे नमतं घेऊ लागले. तिचा हेका एकच: टोपीचा रंग ऊनपावसाने बदलतो, देठ बघा. डोळे मिटून देठ चाचपायची आणि नाव सांगायची. कधी चुकली नाही, म्हणून आम्हीही डोळे मिटून खायचो.

त्या दुपारी तिने माळावरून चार इवल्या अळंब्या आणल्या. देठाला खाली पिवळसर कोंडा. "नेहमीचीच आहे गं," म्हणाली, आणि तीन अख्ख्याच लोण्यात परतून माझ्या सहा वर्षांच्या ठकीला दिल्या. ठकीने ताटली चाटूनपुसून साफ केली.

चौथी वहीत चित्र काढायला म्हणून तिने उभी चिरली आणि तिचा हात थांबला. देठाच्या मध्यावर शिवण होती. खाली पिवळा कोंडा, वर राखट जांभळं भलतंच काहीतरी.

तिने फोनवर वर्णन करताच कॉलेजातले प्राध्यापक आनंदाने ओरडलेच. "अहो, हे तर अळंबीवरचं बांडगूळ! दुसरीचा देठ बळकावतं आणि वर आपली टोपी चढवतं. मी फक्त चित्रात पाहिलंय. जपून ठेवा, निघालोच!"

"विषारी आहे का?" मी फोन ओढून घेत विचारलं.

"कुणी खाल्ल्याचं ऐकलं नाही हो."

मी ठकीला उचललं. "त्या तीन साध्याच असतील," आत्या पुटपुटत राहिली. आम्ही तेवढ्याच आशेवर हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टरीणबाईंना आत्याने नाव अचूक सांगितलं. उपयोग शून्य. "काही विषं उशिरा चढतात. वाट बघू," त्या म्हणाल्या.

"घाल तुझा देठ चुलीत!" मी आत्यावर ओरडले. ती चौथी अळंबी ठेवलेली डबी घेऊन खिडकीपाशी गेली.

संध्याकाळी प्राध्यापक धापा टाकत आले. "नमुना कुठाय?"

आत्याने रिकामी डबी पुढे केली. "खाल्ला."

"अहो, एकुलता एक होता!"

"ही पण एकुलती एकच आहे." चपला काढून ती ठकीच्या कॉटवर चढली. "हिला जे होईल ते मलाही होऊ दे."

ठकी तिला बिलगली. "आत्याआजी, आवडली तुला?"

"कडू होती गं."

"माझीपण एक कडू होती," ठकी म्हणाली. "पण लोणी होतं ना, म्हणून खाल्ली."