खंड्याचे पाय

माझ्या मोठ्या आत्याने बावीस वर्षं पक्षी रंगवले. पुस्तकातली चित्रं तेव्हा नुसत्या काळ्या रेषांत छापून यायची आणि रंग हाताने भरावे लागायचे. छापखान्याच्या माडीवर लांब टेबलाशी सहा बायका बसत, त्यांत माझ्या दोन्ही आत्या. एकीने पंखांचा निळा भरून कागद पुढे सरकवायचा, दुसरीने पोटाचा नारिंगी भरायचा. समोर एक रंगवलेला नमुना टांगलेला असे, त्याबाहेर कुणी जायचं नाही. हा नमुना नेहमी मोठी आत्याच करायची.

खंड्याच्या वेळी मालकांनी नमुन्याचं काम धाकट्या आत्याला दिलं. पेंढा भरलेला खंड्या तिच्यापुढे ठेवत म्हणाले, "हिचा हात हलका आहे." मोठीच्या वाट्याला चोच आणि पाय आले.

"ताई, रागावलीस?" धाकटीने विचारलं.

"मी कशाला रागावू? पायांनाही माणूस लागतंच की!"

बायका हसल्या. मोठीच्या मात्र पोटात दुखत होतं. नमुना टांगल्याबरोबर ती त्यात खोट शोधू लागली आणि खोट सापडलीही. पेंढा भरलेल्या पक्ष्याचे पाय वाळून मातकट होतात. धाकटीने ते जसे दिसले तसे रंगवले होते. जिवंत खंड्याचे पाय लाल असतात, हे मोठीने नदीवर कितीदा तरी पाहिलेलं. पण ती बोलली नाही. तीनशे कागदांवर तिने स्वतःच्या हाताने मातकट पाय रंगवले. 'होऊ दे फजिती,' असं मनात म्हणायची आणि कुंचला बुडवायची.

बांधणीआधी पुस्तकाचे लेखक, एक म्हातारे डॉक्टर, चित्रं बघायला आले.

"पाय असे कसे?"

मालकांनी धाकटीकडे रोखून पाहिलं.

"पाय ताईने रंगवलेत," ती ठामपणे म्हणाली. "नमुन्यात चूक असती तर तिने कधीच सांगितलं असतं. तुम्हीच नीट बघितलं नसेल, डॉक्टर."

डॉक्टरांना हसू आलं, मालकांना नाही. "उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले.

मोठी उठली. "पाय लालच असतात. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

धाकटीची नोकरी राहिली, मोठीचीही. ओल्या कुंचल्याने मातकट रंग उचलून लाल भरायला दोघींना नऊ दिवस लागले. शेजारी बसायच्या, पण धाकटी मोठीकडे पाठ करून. चौथ्या दिवशी तिने नमुना खाली काढला आणि मोठीपुढे आपटला.

"आणखी काय चुकलंय, तेही सांगून टाक एकदाचं."

मोठी तो घेऊन खिडकीशी गेली. पाठीचा निळा डोक्याकडे जाता जाता हिरवट होत होता. दोन रंगांचा जोड कुठेच दिसत नव्हता. तिने दोनदा शोधला.

"काही नाही," ती म्हणाली. "मला असा जमला नसता."

मालकांपुढची कबुली त्या मानाने सोपी होती, हे वाक्य बोलणं जड गेलं, असं आत्या सांगायची.

धाकटीने नमुना तिच्या हातातून घेतला.

"बरं. आता सरक, उजेड अडवतेस."