संपात भरलेली शाळा

शिक्षकांचा संप चालू होता, तेव्हा मी एकाच वेळी घरीही होते आणि शाळेतही.

हे मला आबांकडून, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडून कळलं. शेळगावच्या आमच्या शाळेवरून ते शेळ्या घेऊन आले आणि मला ओसरीवर लसूण सोलताना बघून जागीच थांबले.

"सूनबाई, तू हितं हायस?"

"व्हय आबा. संप हाय न्हवं?"

"मग शाळंत पाढं कोण म्हणतंय? दाराला कुलूप हाय, अन् आवाज तर तुझाच हाय."

मी हसले. आबा हसले नाहीत. ते माझ्या पायांकडे बघत होते. (पाय सुलटेच आहेत ना, हे मीही हळूच बघून घेतलं.)

त्या दिवशी मुंबईत पगाराच्या करारावर सरकारशी आमची बोलणी चालली होती. एक जरी शाळा चालू सापडली असती तरी आमची बाजू लंगडी पडली असती, आणि मी तर संघटनेची तालुका सचिव! तशीच शाळेकडे धावले.

मैदानात पानही हलत नव्हतं. बंद खिडकीमागून माझा आवाज संथपणे म्हणत होता, "सात सक बेचाळीस." बाहेर पोरं रांगेत उभी राहून तेच म्हणत होती. माझ्या अंगावर काटा आला. मग आठवलं. घसा बसतो म्हणून परिपाठ आणि पाढे मीच रेकॉर्ड करून स्पीकरला टायमर लावला होता. छपरावर सोलर, त्यामुळे वीज जायचीही आशा नाही. आणि संपात शाळांच्या किल्ल्या तालुक्याला, इंदापुरात जमा करायच्या, ही सूचनाही माझीच!

तेवढ्यात संघटनेचे अध्यक्ष शाळा बंद आहेत ना, हे बघत मोटारसायकलवरून आले.

"बाई, तुमीच शाळा भरवली व्हय?"

"मी बाहेर आहे, सर."

ते माझ्याकडे आणि मग खिडकीकडे बघत राहिले. घडला प्रकार मी सांगितला, तर त्यांचा चेहरा आणखीच उतरला.

"हे सरकारला कळलं तर म्हणतील, मास्तर कशाला पायजेत? आधी पोरं घरी घालवा."

मी ओरडले, "शाळा सुटली, घरी जा."

आतून मीच म्हणाले, "सगळ्यांनी खाली बसा."

पोरांनी माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं आणि मांडी घालून बसली. आतली गप्प झाली तेव्हाच पोरं घरी गेली. अध्यक्षांनी मुंबईला 'तालुका कडकडीत बंद' असं कळवलं, माझ्याकडे न बघता.

पुढे करार झाला. पगारवाढ मला मिळाली, पोरं मात्र अजून त्या आतलीचंच ऐकतात.