नुसता आरएनए काढून पाहिला तेव्हा

लिझा खोटं बोलणार नाही, पण खरंही वेळेवर बोलणार नाही, ही भीती चार दिवस झाले तरी ब्रिजेटच्या डोक्यातून जाईना.

मेलबर्नजवळच्या वेरिबीत वाढलेली ही तिची धाकटी मुलगी शहरातल्या एका लॅबमध्ये पीएचडीसाठी साडेतीन वर्षं एकाच आरएनएच्या मागे लागली होती. या आरएनएपासून प्रोटीन बनत नाही. स्तनाच्या निरोगी पेशीत तो तयार होतो आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणारं शेजारचं जनुकही चालू असतं. कॅन्सरच्या पेशीत दोन्ही बंद. लिझाने निरोगी पेशींतून तो आरएनए बनवणारा डीएनएचा तुकडाच कापून टाकला. शेजारचं जनुक गप्प झालं. आरएनएच त्याला चालू ठेवतो, असा थीसिस उभा राहिला.

मग गेल्या महिन्यात तिने डीएनएला हात न लावता नुसता आरएनए नष्ट करून पाहिला. जनुक मजेत चालू. तीनदा केलं, तीनदा तेच. म्हणजे काम डीएनएच्या त्या तुकड्याचं होतं.

हे रविवारी जेवायला डुकराच्या मटणाचं सोरपोतेल खाताना ब्रिजेटने तिच्याकडून खोदून काढलं. लिझाची गाईड हेलन, तिला अजून पत्ता नव्हता, आणि थीसिस शुक्रवारी जायचा होता.

“पहिल्या दिवसापासून हेलन आरएनएच हे करतो असं धरून चाललीय, मम्मी. तिला चूक म्हणणारी मी कोण?”

“तिला नावाने हाक मारतेस ना?”

“हेलन म्हणणं सोपं आहे.”

ब्रिजेटचा नवरा पॅट्रिक म्हणाला, पोरगी सत्तावीस वर्षांची आहे, तू मध्ये पडू नकोस. ब्रिजेटला त्याचा राग आला, हेलनचा आला, शेवटी स्वतःचा. मोठ्यांची चूक काढायची नाही, हे पोरीला शिकवलं कोणी? शाळेत टीचरने बरोबर गणितावर फुली मारली तेव्हा लिझा वही घेऊन आली होती. तिला गप्प बसवलं ते आईनेच, स्वतः बीएस्सी झालेल्या बाईने.

आज गुरुवार. युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवरून तिने हेलनचा नंबर कागदावर उतरवला, थोडा वेळ बघत बसली आणि कागद फाडून टाकला. हेलनला सांगायचं होतं ते लिझाने. पण मी तुला चुकीचं शिकवलं, हे लिझाला सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. साडेदहाला तिचा चहाचा ब्रेक असतो. ब्रिजेटने दहा पंचवीसलाच फोन हातात घेतला.