मागावरच्या खुणा आणि सुजाताची नोकरी

"मॅडम, ही पोरगी चालायची न्हाय. कन्फर्म करू नका," म्हणत सुपरवायझर आप्पांनी फाईल माझ्या टेबलावर ठेवली. बेळगावजवळच्या एका गारमेंट युनिटमध्ये मी तेव्हा एचआर बघायची. पोरगी म्हणजे हिंडलग्याची सुजाता. जन्मापासून ऐकू येत नाही. शिलाई लई सफाईदार. पण डिझाईन बदललं की तिला सांगायचं कसं, हीच बोंब. प्रोबेशन, म्हणजे माणूस पारखून बघायचा काळ, आठवड्यात संपणार होता. घरात कमावती ती एकटीच.

त्यातच हेड ऑफिसनं डीईआय ट्रेनिंग लावलं. डीईआय म्हणजे माणसं वेगवेगळी असणार, ज्याला जे लागतं ते द्यायचं आणि कुणाला बाजूला ठेवायचं नाही. बाहेरून आलेला ट्रेनर इंग्रजी स्लाइड्स वाचत होता. बायका माना डोलवत होत्या. सुजाता भिंतीकडं बघत बसलेली. माझं डोकं तापलं होतं.

तेवढ्यात करंट गेला. खिडकीबाहेरचा जनरेटर धडधडायला लागला आणि ट्रेनरचा आवाज त्यात बुडाला. जुन्या टेलर शांताक्कांनी मागच्या रांगेतल्या मैत्रिणीला हातानंच विचारलं, चहा कधी? तिनं हातानंच सांगितलं, अजून वेळ आहे. सुजातानं ते बघितलं आणि ती खुदकन हसली. तिला कळलं होतं.

मी बघतच राहिले. आमचं निम्मं युनिट वडगावचं, विणकरांच्या घरातलं. यंत्रमागाच्या खडखडाटात तिथं तोंडानं कोण बोलतंय? धागा तुटला, माग थांबव, सगळं हातानं. मीही तिथलीच. आई मागापलीकडून अशीच खूण करून मला जेवायला बोलवायची. तो माग विकून वर्षं झाली, आईही गेली. मला भरून आलं, आणि लाजही वाटली. कारण आम्हीच सगळ्या सुजातापुढं इतके दिवस ओरडत होतो. शिलाईच्या हॉलमध्ये मागाएवढा आवाज नाही, म्हणून खुणा कुणाला सुचल्याच नाहीत.

ट्रेनिंग बाजूला ठेवून मी शांताक्कांना पुढं बोलावलं. कॉलर, खिसा, शिलाई उसव, अशा खुणा त्यांनी आणि सुजातानं मिळून ठरवल्या. दोन खुणा सुजातानं चुकीच्या ठरवून बदलायला लावल्या. दुसऱ्या दिवशी आप्पांनी लांबूनच खुणेनं नवी कॉलर सांगितली. पहिलाच पीस बरोबर आला.

"आक्का, हे आधी का सांगितलं न्हाईसा?" आप्पा म्हणाले.

"तुम्ही कवा विचारलंसा?"

सुजाता कन्फर्म झाली. हेड ऑफिसच्या फॉर्मवर मी 'ट्रेनिंग यशस्वी' असं लिहिलं. बाहेरून ट्रेनर बोलवण्याआधी आपल्या माणसांना काय काय येतं ते विचारावं, हे लिहायला त्यात रकाना नव्हता.