सराईच्या खोलीतल्या कण्या

लग्नानंतरची पहिली काही वर्षं माझा संसार सराईच्या खोल्यांतच झाला. यांना निजाम सरकारची देवी टोचायची नोकरी होती. आज गेवराई, पुढं माजलगाव. जिथं मुक्काम पडेल तिथं सराईत एक खोली मिळायची. घर म्हणून आमच्यासंगं एक लोखंडी शेगडी, दोन पितळी पातेली आणि अंथरूण फिरायचं.

गेवराईला असताना मला हिवतापानं धरलं. हकीमसाहेबांनी पुड्या दिल्या आणि बजावलं, तेल-तिखट बंद, हलकं आणि ताजं तेवढंच पोटात जाऊ द्या. सराईच्या दाराशी खानावळ होती, पण तिथल्या रश्शावर तेलाचा तवंग असायचा. घास पोटात ठरत नसे. घरातलं बाईमाणूस कुणी जवळ नव्हतं. मला माहेरी पोचवा, असं मी यांना म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे अंघोळ करून, धोतर खोचून शेगडी पेटवायला बसले.

यांची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं थोडंफार रांधता येत होतं. पण त्या काळी पुरुषानं आजारी बायकोसाठी चुलीशी बसणं म्हणजे हसण्याचाच विषय. त्यात कण्यांसाठी ज्वारी भरडायची होती. हे सराईवाल्याच्या बायकोकडं गेले आणि तिच्याच जात्यावर, सगळ्यांच्या देखत, भरडत बसले. आडावरच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. ते मला खिडकीतून दिसत होतं आणि मी लाजेनं अर्धमेली झाले होते. हे मात्र खाली मान घालून जातं ओढत राहिले.

मऊ शिजलेल्या कण्या, त्यावर ताजं ताक आणि चिमूटभर मीठ. कधी भाजलेल्या मुगाच्या डाळीचं पातळ वरण, कधी लसणाची पाकळी घालून उकडलेला तांदुळजा. एवढ्याशा शेगडीवर एक पातेलं उतरवायचं, दुसरं चढवायचं. टोचणीच्या कामाला निघण्याआधी मला भरवून, दुपारचं झाकून ठेवून जायचे. हळूहळू जेवण अंगी लागू लागलं.

बोभाटा तलवाड्याला माझ्या माहेरी पोचलाच. एके दिवशी आप्पा बैलगाडी जुंपून दारात उभे राहिले. जावई चूल फुंकतोय, म्हणजे आपली लेक अंथरुणाला खिळली, असं त्यांच्या मनानं घेतलेलं. खोलीत आले तर हे पातेल्यात पळी फिरवत होते. मला वाटलं, आता शब्दानं शब्द वाढणार. पण हे उठले, हात पुसून पाया पडले.

"मामा, बसा. गरम हाय तवर चार घास खा," एवढंच म्हणाले.

आप्पा अवघडून बसले. कण्या-ताक खाल्लं, पुन्हा मागून घेतलं. खाताना माझ्याकडं बघत होते. तोवर मी भिंतीला न टेकता बसायला लागले होते. हात धुऊन आल्यावर ते माझ्याजवळ बसले.

"पोरी, मी तुला न्यायला आलतो," ते म्हणाले. "आता न्हाई नेत. मला हितल्यापरीस चांगलं तिथं करता यायचं न्हाई."

हे तोंड फिरवून निखारे सारखे करत बसले. यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेवढंच एकदा बघितलं.

आप्पा रिकामी गाडी घेऊन परत गेले. पुढं गावात कुणी जावयाची थट्टा केली, की ते पारावरच त्याला गप्प करायचे, असं आई सांगायची.

मी खडखडीत बरी झाले, शेगडी माझ्याकडं आली. तरी पुढच्या मुक्कामांवरही सकाळचं रांधणं यांनी कधी सोडलं नाही. मी नको म्हटलं तर म्हणायचे, बाजरी निवडून दे तेवढी. लोक हसायचे ते हसायचेच. पण त्या हसण्यापुढं ज्या शांतपणानं हे बसत, तसा धीर मला मोठमोठ्या अंमलदारांतही फारसा दिसला नाही.