सत्यशीलाची सही

सत्यशीला गजभिये वर्ध्याहून पुण्यात आली ती नव्याण्णव साली. सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली, मांजरी गावात घर झालं, आणि कंपनी शहराच्या दुसऱ्या टोकाला हिंजवडीला गेल्यावर रोजचा दोन-दोन तासांचा बसप्रवास अंगवळणी पडला.

२०१२ साली तिच्याकडे एक नवा प्रोग्रॅम तपासायला आला. कंपनीच्याच कॉल सेंटरमधलं कोण किती मिनिटं खुर्चीवरून उठलं, हे तो मोजायचा आणि महिनाअखेरीस सर्वांत जास्त वेळ उठलेल्या दहा जणांना कामावरून कमी केल्याचं पत्र आपोआप पाठवायचा. सत्यशीलाने मागच्या महिन्याची माहिती घालून पाहिली. दहांत दोघी गरोदर होत्या, एक मधुमेही.

तिने साहेबांना, दिग्विजय यांना, सांगितलं.

"प्रोग्रॅम कुठे चुकला?"

"चुकला नाही. मिनिटं बरोबर मोजलीत."

"मग झालं. बाकीचा विचार करायला आपल्याला नेमलेलं नाही."

प्रोग्रॅम ठीक असल्याची सही तिने केली. पत्रं गेली. त्यांत सरोजिनी होती, बसमध्ये रोज तिच्या शेजारी बसणारी, सातवा महिना लागलेली. सत्यशीलाने तिला फोनसुद्धा केला नाही.

मात्र ते आत डाचत राहिलं. त्या हिवाळ्यात ती वहीत कादंबरी लिहायला बसली. उद्याचं एक शहर. तिथे माणसांना गुण मिळतात आणि ज्यांचे कमी पडतात त्यांना वेशीबाहेर काढतात. तेरावं वर्ष लागलं की प्रत्येक मुलाने त्या यादीवर अंगठा उठवायचा. नायिका चंपा नकार देते.

मांजरीच्या बुद्धविहारात रविवारी मुलं अभ्यासाला जमत. त्यांना तिने हे प्रकरण वाचून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आठवीतल्या पूर्वाने तेवढ्या वाजवल्या नाहीत.

"ताई, हे खोटं वाटतं. तिला भीती कशी नाही वाटली? तुम्ही अंगठा दिला नसता?"

सत्यशीलाने वही मिटली. "मी दिलाय," ती म्हणाली, आणि सरोजिनीची हकिकत तिने सगळ्यांना सांगितली.

मग पूर्वा म्हणाली, "तर तेच लिहा ना. चंपा अंगठा देते. पुढे काय करते, ते ऐकायचंय."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सत्यशीला सरोजिनीच्या घरी गेली. तिच्या मांडीवर दोन महिन्यांची मुलगी होती.

"त्या प्रोग्रॅमवर सही माझी होती."

"असं होय," सरोजिनी म्हणाली. "मला वाटलं, सगळं मशीननेच केलं." चहाचं तिने विचारलं नाही. पण सत्यशीलाने मागितले तेव्हा दवाखान्याचे कागद काढून दिले.

मार्चमध्ये प्रोग्रॅमची सुधारलेली आवृत्ती आली. सत्यशीलाने सही नाकारली. पत्र निघण्याआधी प्रत्येकाचं उठण्याचं कारण माणसाने वाचलं पाहिजे, असं तीन पानी टिपण तिने लिहिलं आणि सरोजिनीचे कागद जोडले.

"दुसरं कुणी करेल सही," दिग्विजय म्हणाले.

"करू देत. हे वाचून करू देत."

तिच्या दोघा सहकाऱ्यांनी टिपण वाचलं आणि त्यांनीही सही केली नाही. टिपण वरपर्यंत गेलं. दीड महिन्याने आपोआप जाणारी पत्रं बंद झाली. सरोजिनीला परत बोलावणं आलं, पण तोवर तिला खराडीत काम मिळालं होतं. तिने स्पष्ट नकार कळवला. सत्यशीलाची त्या वर्षीची बढती हुकली.

चंपाचं प्रकरण तिने नव्याने लिहिलं आणि विहारात वाचलं. पूर्वाने लक्ष देऊन ऐकलं.

"आता बरं आहे," ती म्हणाली. "पण चंपा अजून थोडी घाबरली पाहिजे."

सत्यशीलाने पेन उघडलं.